साडेएकोणीस रुपयांचा ब्रॅकेट

नवा गाड्यांचा कारखाना येणार म्हटलं की बातमीत तीन आकडे हमखास असतात: किती हजार कोटींची गुंतवणूक, किती एकर जमीन, किती हजार नोकऱ्या. सोबत सामंजस्य करारावर सह्या होतानाचा फोटो. या आकड्यांवरून वाहन उद्योग खरंच वाढतोय का, हे कळत नाही. एका मोटारीत नट-बोल्ट धरून सुमारे ३० हजार सुटे भाग असतात. गाडीवर जिचं नाव असतं ती कंपनी त्यातले मोजकेच स्वतः बनवते. बॉडीचे मोठे पत्रे दाबणं, वेल्डिंग, रंगकाम, कधी इंजिन आणि शेवटची जोडणी एवढं ती करते. बाकी सगळं बाहेरून येतं आणि त्या बाहेरच्याचंही पुन्हा बाहेरून येतं. सीट बनवणारा मोठा पुरवठादार सीटखालचा ब्रॅकेट, म्हणजे आधाराचा वाकवलेला पत्रा, पुण्याजवळच्या भोसरीतल्या दहा प्रेसच्या (पत्रा कापून-दाबून आकार देणारी मशीन) शेडमधून घेतो. उद्योगाची तब्येत बघायची तर त्या शेडमध्ये जावं लागतं.

आधी थोडा इतिहास. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. सुटे भाग परदेशातून खोक्यांत यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, प्रीमियर आणि हिंदुस्तान मोटर्स राहिल्या. गिऱ्हाईकाला पुढची तीस वर्षं त्याच त्या गाड्या मिळाल्या, हे खरंच. पण सुटे भाग इथेच बनवायचे, ही सक्ती त्यातूनच आली.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ पिंपरी-चिंचवडला भूखंड मिळू लागले. बजाज आकुर्डीत होतीच. टेल्कोचं (आताची टाटा मोटर्स) पुण्याचं युनिट १९६६ चं, पण तिथून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या काळातल्या टेल्कोने मशीन टूल, डाय (भागाला आकार देणारे साचे), जिग-फिक्स्चर (भाग जागेवर धरून ठेवणारी साधनं) बनवणं आणि अप्रेंटिस घडवणं यावर भर दिला. आज कुठल्याही गुंतवणूकदाराला अकरा वर्षं म्हटलं तर तो उठून जाईल. पण मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, विचार करणारा टूलमेकर तीन वर्षांत तयार होत नाही. त्या पिढीतल्या कित्येकांनी पुढे नोकरी सोडून किंवा निवृत्तीनंतर भोसरीत दोन-चार मशीन टाकली. नंतर चाकण, रांजणगाव, तळेगावला परदेशी कंपन्या आल्या तेव्हा त्यांना हा पट्टा तयारच मिळाला. जमीन आणि सवलती इतर राज्येही देतात. टूलरूम, म्हणजे डाय बनवणारी माणसं आणि मशीन, मात्र कुठलंच सरकार वाटू शकत नाही.

आता तो ब्रॅकेट घेऊ. अडीच मिमी जाडीचा एचआर पिकल्ड (गरम लाटून आम्लाने साफ केलेला) पत्रा, ब्लँक (कापलेला सपाट तुकडा) १२० बाय ८० मिमी, चारही कोपरे कापलेले, साडेदहा मिमीची दोन भोकं, एक काटकोनी बेंड, वर झिंक प्लेटिंग. यापेक्षा साधा भाग गाडीत सापडणं कठीण.

आधी प्रेस कोणता, ते ठरवायचं. पत्रा कापायला लागणारा जोर म्हणजे कापाचा परीघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची शिअर स्ट्रेंग्थ (कापाला होणारा विरोध). परीघ साधारण ४०० मिमी, जाडी अडीच, स्ट्रेंग्थ ३२० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर ३ लाख २० हजार न्यूटन, म्हणजे साडेबत्तीस टन. दोन भोकांचे आणखी साडेपाच टन. त्यावर तीस टक्के सोडले की पन्नासच्या आसपास येतं, म्हणून ६३ टनी प्रेस. चाळीस टनीवर कसंबसं निघतं म्हणून तिथे काम लावणारे असतात. मग काही महिन्यांत प्रेसची फ्रेम ताणली जाते, रॅमची (प्रेसचा वरखाली होणारा भाग) समांतरता जाते, डाय एका बाजूने झिजते आणि दोष डाय बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो.

डायमध्ये पंच (वरून येऊन कापणारा भाग) आणि खालच्या डायमधली फट, म्हणजे क्लिअरन्स, एका बाजूला जाडीच्या सहा-सात टक्के ठेवायचा. अडीच मिमीला साधारण ०.१७ मिमी. कमी ठेवला तर पंचवर ताण येतो आणि धार लवकर जाते. जास्त ठेवला तर पत्रा कापला जाण्याऐवजी फाटतो आणि कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येते. पंच-डाय एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियम) पोलादाचे, कडकपणा ५८ ते ६० एचआरसी (रॉकवेल मापावर). बर ०.१ मिमीच्या वर जायला लागली की डाय उतरवून ग्राइंड करायची, गिऱ्हाईकाच्या फोनची वाट बघायची नाही. बेंडच्या बाबतीत दोन गोष्टी. पत्र्याला रोलिंगची दिशा असते आणि बेंडची रेषा तिला समांतर आली तर बाहेरच्या बाजूला तडे जातात. पट्टीवर ब्लँक कसे मांडायचे हे ठरवतानाच याचा विचार व्हायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे वाकवलेला पत्रा थोडा परत उघडतो. तो किती उघडणार हे पत्र्याच्या कडकपणावर अवलंबून असतं आणि कडकपणा कॉइलगणिक, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीगणिक, बदलतो.

हा बेंडचा कोन एक अंश इकडचा तिकडे झाला तर काय होतं ते बघा. बेंडपासून ४० मिमीवर भोक असेल तर एका अंशाच्या फरकाने ते ०.७ मिमी सरकतं. ड्रॉइंगवर सहनमर्यादा असते ±०.२ मिमी. म्हणजे नवी कॉइल लावली, सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने) कोन तपासला नाही, तर पूर्ण पाळीचा माल बाद. उपाय दोन आहेत. बेंड झाल्यावर भोक पाडायचं किंवा बेंडनंतर एक रिस्ट्राइक, म्हणजे कोन पक्का करणारा दुसरा ठोका, द्यायचा. दोन्हींत एक ठोका वाढतो, आणि तो कोटेशनमध्ये धरलेला नसतो.

कोटेशनचा हिशोब साधारण असा. पट्टीची रुंदी १२६ आणि पिच (एका नगापासून पुढच्या नगापर्यंतचं अंतर) ८३ मिमी धरला तर एका नगाला २०५ ग्रॅम पत्रा लागतो. तयार भाग भरतो १५२ ग्रॅम. उरलेले ५३ ग्रॅम भंगार. हिशोबापुरता पत्रा ६५ रुपये किलो आणि भंगार ३५ रुपये किलो धरू. पत्र्याचे १३ रुपये ३३ पैसे, भंगाराचे वजा १ रुपया ८५ पैसे, म्हणजे निव्वळ माल ११ रुपये ४८ पैशांचा. तीन ठोके प्रत्येकी ७० पैशांनी २ रुपये १० पैसे. डीबरिंग (बर काढणं) ३० पैसे, प्लेटिंग २ रुपये ४० पैसे, तपासणी-पॅकिंग-वाहतूक १ रुपया. झाले १७ रुपये २८ पैसे. रिजेक्शन, साठ्याचं व्याज, ऑफिसखर्च आणि नफा मिळून सव्वादोन रुपयांच्या आत. साडेएकोणीसला ऑर्डर मिळते.

यात जवळजवळ साठ टक्के पैसा पोलादाचा आहे. पत्रा किलोमागे ५ रुपयांनी वाढला तर नगामागे १ रुपया जातो, म्हणजे जवळपास सगळा नफा. मोठ्या कंपन्या पोलादाच्या दराचा फरक देतात, पण तिमाही उलटल्यावर, त्यांनी ठरवलेल्या दराने, आणि बहुतेकदा निव्वळ वजनावर. आपण पत्रा घेतो २०५ ग्रॅम आणि फरक मिळतो १५२ ग्रॅमचा. दर पडतो तेव्हा मात्र डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) वेळेवर येते. करार करताना 'ग्रॉस वेट की नेट वेट' हे शब्द शोधून वाचावेत, बाकी कलमं नंतर वाचली तरी चालतील.

पैसे वाचवायची खरी जागा पट्टीची मांडणी. ब्लँक उलटसुलट बसवून एका नगाला २०५ ऐवजी १८५ ग्रॅम पत्रा लागला तर भंगाराची किंमत वजा जाऊनही ६० पैसे वाचतात. महिन्याला २० हजार नग असतील तर १२ हजार रुपये, फक्त एका भागावर. पगारावरून टूल डिझायनरशी घासाघीस करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

ऑर्डर मिळाली म्हणजे माल सुरू झाला असं नाही. मधे पीपीएपी, म्हणजे गिऱ्हाईकाकडून भाग मंजूर करून घेणं, असतं. ड्रॉइंग, प्रोसेस फ्लो, एफएमईए (काय काय चुकू शकतं याचा अंदाज), कंट्रोल प्लॅन (काय, किती वेळा तपासायचं), मोजमापांचे अहवाल, पत्र्याचं प्रमाणपत्र, गेजचा (मोजायच्या साधनाचा) अभ्यास अशी १८ घटकांची फाइल. सहसा लेव्हल ३, म्हणजे नमुन्यांसह पूर्ण फाइल, मागतात. लहान शेडमध्ये ही फाइल बाहेरचा कन्सल्टंट आणून करतात आणि ती कपाटात जाते. कंट्रोल प्लॅनमध्ये दर तासाला पाच नग तपासायचे असं लिहिलेलं, आणि मशीनवर गेजच नाही, हे दृश्य नवीन नाही.

त्या फाइलमागचा विचार मात्र पक्का आहे. नमुन्याचे नग प्रत्यक्ष उत्पादनाच्या डायवर, त्याच प्रेसवर, नेहमीच्या माणसाने, किमान ३०० नगांच्या सलग रनमधून काढायचे असतात. होतं काय? शेडमधला सर्वांत हुशार फिटर कानस घेऊन बसतो आणि पाच सुंदर नग करून देतो. सॅम्पल पास. मग तोच भाग दुसऱ्या पाळीचा हेल्पर ताशी ५०० च्या वेगाने काढतो आणि पहिल्याच लॉटला रिजेक्शन. प्रक्रिया किती भरवशाची आहे हे सीपीके सांगतो. सुरुवातीला १.६७ मागतात. ±०.२ मिमी मर्यादेत हे गाठायचं तर सरासरी अगदी मध्यावर असूनही प्रमाण विचलन ०.०४ मिमीच्या वर चालत नाही. पाच सॅम्पलवरून हे दिसणं शक्य नाही. त्यासाठी किमान १०० मोजमापं लागतात, २५ गटांत घेतलेली. मोजणारं साधनही तपासावं लागतं. गेज आर अँड आर, म्हणजे साधन आणि मोजणारा यांच्यामुळे येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर असेल तर त्या गेजने मोजणं थांबवायचं. दोन माणसांनी एकच भोक व्हर्नियरने मोजलं आणि ०.०५ चा फरक आला, तर ०.०४ च्या गप्पा कुणी मारू नयेत.

रिजेक्शनची कारणं बहुतेक वेळा अगदी साधी असतात. भोक न पाडता नग पुढे बेंडला गेला. डावा-उजवा मिसळला. प्लेटिंगवाल्याने बॅरल (प्लेटिंगचं पिंप) जास्त भरला आणि नग एकमेकांना चिकटून मधे पांढरे डाग राहिले. पहिल्या दोन्हींवर उपाय स्वस्त आहे: बेंडच्या डायमध्ये भोकात बसणारी पिन द्यायची, एका बाजूला सरकवून. भोक नसलेला किंवा उलटा धरलेला नग डायमध्ये बसणारच नाही. पिनचा खर्च काही शे रुपये. ती नसेल आणि साडेएकोणीस रुपयांचा चुकीचा नग असेंब्ली लाइनवर सापडला, तर चाकणच्या गाड्यांच्या कारखान्याच्या गेटवर बाहेरच्या एजन्सीकडून पूर्ण लॉट निवडून घेण्याचं बिल आपल्या नावावर पडतं.

आणखी एक, आणि यात पैशांपेक्षा मोठं काहीतरी आहे. जुन्या प्रेसना पिन क्लच किंवा रोलिंग की क्लच असतो. एकदा पॅडल दाबलं की रॅम पूर्ण फेरी करतो, मधे थांबत नाही. अशा प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावून उपयोग नसतो, कारण हात दिसला तरी रॅम थांबणार नाही. आणि हे बसवून सेफ्टी ऑडिट पास करून घेतलेल्या शेड आहेत. तिथे पक्कं गार्ड, किंवा हात आत न जाता नग सरकवायची सोय, एवढेच पर्याय. लाइट कर्टन लावायचा तर न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा, रॅम मधेच थांबवू शकणारा) क्लचचाच प्रेस हवा. बोटं गेलेले कामगार या पट्ट्यात कमी नाहीत.

आता पैशांच्या चक्राकडे. महिन्याला ६० लाखांचं बिलिंग करणारी शेड घ्या. पत्रा २५ दिवसांचा ठेवावा लागतो, कारण पत्रा कापून विकणारं सर्व्हिस सेंटर कमी वजनात कापून देत नाही. त्यात अडकले ३० लाख. अर्धवट आणि तयार माल मिळून बारा दिवस, म्हणजे आणखी अठरा-वीस लाख. गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं, म्हणजे १ कोटी २० लाख येणं, वर १८ टक्के जीएसटी. तो जीएसटी इनपुट क्रेडिट वजा करून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, गिऱ्हाइकाने दिलेला असो वा नसो. सगळं मिळून पावणेदोन-दोन कोटी कायम फिरत राहतात. ११ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २२ लाखांच्या घरात. वर्षाच्या ७ कोटी २० लाखांच्या उलाढालीवर नफा पाच टक्के सुटला तर तो ३६ लाख. शेड बुडते ती काम नसल्यामुळे कमी आणि काम वाढल्यामुळे जास्त, हे यावरून कळावं. ऑर्डर दुप्पट झाली की अडकलेला पैसाही दुप्पट होतो, आणि बँकेची मर्यादा मात्र मागच्या वर्षीच्या ताळेबंदावर ठरते.

कायदा बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. हे व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या मॉडेलच्या चौकशीच्या यादीत राहत नाही, म्हणून कुणी मागत नाही. आयकराच्या ४३ बी (एच) कलमाने दाब वेगळ्या बाजूने आणला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चअखेर पैसे सुटू लागले आहेत. बाकी अकरा महिन्यांवर फार फरक नाही.

सर्वांत मोठी जोखीम मात्र व्हॉल्यूमची. चौकशी येते तेव्हा महिन्याला १० हजार गाड्या, गाडीला दोन ब्रॅकेट, म्हणजे २० हजार नग असं लिहिलेलं असतं. टूलचे (म्हणजे डायचे) साडेचार लाख आपण घालायचे आणि दीड लाख नगांवर नगामागे ३ रुपये घेऊन वसूल करायचे. ठरल्याप्रमाणे गाडी खपली तर साडेसात महिन्यांत वसुली होते. महिन्याला ६ हजारच नग गेले तर २५ महिने, आणि तोवर ड्रॉइंग बदलून येतं. तळेगावचंच बघा. जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन संपलं. जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने तो ताब्यात घेतला. इमारत आणि पेंट शॉपला नवा मालक मिळतो, जुन्या मॉडेलच्या डायला मिळत नाही. म्हणून टूलचे पैसे आगाऊ मागावेत. ते जमत नसेल तर ठराविक मुदतीत ठरलेले नग उचलले नाहीत तर उरलेली रक्कम एकरकमी द्यावी, असं कलम घालून घ्यावं. दहातले सात खरेदी अधिकारी नाही म्हणतील. उरलेले तीन हो म्हणतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

विजेच्या गाड्यांबद्दल भोसरीत दोन टोकांची भाषा ऐकू येते: सगळं संपलं, किंवा काही होत नाही. दोन्ही चूक. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर यावर जगणाऱ्यांना खरी चिंता आहे, आणि सिलिंडर ब्लॉक ओतणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्रींनाही. सीट, ब्रेक, सस्पेन्शन, बॉडीचे ब्रॅकेट राहणार आहेत. २०२१ ची वाहन क्षेत्रासाठीची पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजना २५,९३८ कोटींची आहे खरी, पण सुट्या भागांच्या गटात शिरायलाच समूहाची उलाढाल ५०० कोटी लागत होती. आपल्या ७ कोटींच्या शेडने ती बातमी वाचून पान उलटावं.

प्रेस शॉपला जवळचं नवं काम म्हणजे बॅटरी पॅकचे तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या). प्रेस तोच चालतो, डाय आणि शिस्त वेगळी. तांबं मऊ, पंचला चिकटतं, म्हणून पंच पॉलिश केलेला हवा आणि क्लिअरन्स पोलादापेक्षा कमी. ब्रॅकेटवर खपून जाणारी ०.१ ची बर इथे चालत नाही, ती इन्सुलेशन भेदून शॉर्ट करू शकते. पोलादाची धूळ चालत नाही, म्हणजे वेगळी खोली. आणि तांब्याचा दर पोलादाच्या दहापटीहून जास्त, त्यामुळे वर केलेला खेळत्या भांडवलाचा हिशोब तिथेच मोडतो. म्हणून हे काम शक्यतो जॉबवर्कवर घ्यावं, तांबं गिऱ्हाइकाचं आणि आपली फक्त मजुरी. माल चलनावर येतो आणि जीएसटीच्या कलम १४३ नुसार वर्षाच्या आत परत जायला हवा, नाहीतर तो गिऱ्हाइकाने आपल्याला विकला असं धरून त्याच्यावर कर लागतो. भंगार कुणाचं, तुकड्यांची तूट किती टक्के मान्य, हे पहिल्या गाडीआधी लिहून घ्यावं. आलेली कॉइल, गेलेले नग आणि भंगार या तिन्हींचं वजन एकाच काट्यावर, एकाच माणसाने, दर लॉटला नोंदवावं. तांब्यात दोन टक्क्यांची तूट म्हणजे महिन्याची मजुरी गेली.